नळीचं दुसरं टोक

जगात सल्ला देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाची माणसं सांगतात, "हे बघा, मनात काही ठेवू नका. बोलून टाका, मोकळे व्हा." दुसऱ्या पंथाची सांगतात, "गिळा! संसारात, कचेरीत आणि एस. टी.त माणसाला गिळता आलं पाहिजे." दोन्ही पंथांना अनुयायांची वाण नाही. गंमत अशी, की पुष्कळदा एकच माणूस दोन्ही पंथांत असतो. राग स्वतःला आला की तो पहिल्या पंथाचा, आणि दुसऱ्याला आला की दुसऱ्या पंथाचा.

थोरामोठ्यांतही एकवाक्यता नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात रागाचा एक जिना सांगितला आहे. रागातून भ्रम, भ्रमातून विसर, विसरातून बुद्धीचा नाश आणि शेवटच्या पायरीवर खुद्द माणसाचाच नाश. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल सांगून गेला, की शोकांतिका बघताना करुणा आणि भीती यांचा निचरा होतो. तेव्हापासून 'निचरा' हा शब्द ज्याला त्याला आवडला आणि घरात भांडी आपटणारा माणूसदेखील आपण ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले आहोत असं समजू लागला. रोमच्या सेनेकाने तर रागावर तीन भाग लिहिले. त्याचा मुख्य उपाय म्हणजे थांबणं. राग आला की जरा वेळ जाऊ द्यावा. उपाय नामी होता. पण त्याचा शिष्य नीरो. त्या नीरोने इ. स. ६५ मध्ये खुद्द गुरूलाच मरण्याचा हुकूम सोडला. शिष्याने गुरूची पुस्तकं वाचली नसावीत. शिष्य वाचत नाहीत ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

हा वाद माझ्यापुरता मिटला तो कुठल्या ग्रंथामुळे नव्हे. तो मिटला एटापल्लीला, मोटरसायकलच्या पोटातून निघालेल्या एका बोटभर जाडीच्या रबरी नळीमुळे.

१९८६ साली माझी बदली एटापल्लीला झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला, त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. पण एवढ्या लहान वयात त्याने केवढं नाव कमावलं होतं! "गडचिरोलीला पाठवीन" हे वाक्य वरिष्ठ मंडळी कनिष्ठांना ऐकवत, आईने पोराला बागुलबुवा दाखवावा तसं. ज्या गावात माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांदतात, लग्नं लावतात, नातवंडं खेळवतात, ते गाव दुसऱ्या कुणाला तरी शिक्षा म्हणून दिलं जातं. त्या गावाला याबद्दल काय वाटत असेल, हे बदलीचा हुकूम टाइप करणाऱ्याच्या मनात येत नाही. ते असो.

आलापल्लीच्या तिठ्यावरून तीसेक किलोमीटर आत गेलं की एटापल्ली. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. मार्च-एप्रिलात मोहफुलांचा वास, मे महिन्यात तेंदूपानांची धांदल, आठवडी बाजारात दूरदूरच्या टोल्यांवरून आलेली माडिया माणसं. पावसाळ्यात तालुक्यातली बांडिया नदी आणि तिच्या नात्यातले सगळे नाले रस्त्यावर येऊन बसत. एस. टी. यायची ती तिच्या मर्जीने. अशा ठिकाणी फिरतीची नोकरी म्हणजे मोटरसायकल हवीच. मीही एक घेतली. जुनी, चार-स्ट्रोकची, एका सिलिंडरची. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यात थोडा आदर आणि पुष्कळसा नाइलाज असे. माझंही तसंच आहे.

गाडी इतकी जुनी, की इंजिन उघडणं भाग होतं. बाजाराच्या वळणावर टिनाच्या शेडमध्ये एक मिस्त्री बसायचा. त्याने दोन दिवस इंजिनाची हाडं-काडं वेगळी केली, सिलिंडर पोत्यात गुंडाळून एस. टी.च्या टपावरून चंद्रपूरला बोर करायला पाठवला, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या आणि आठ-दहा दिवसांनी इंजिन बांधून दिलं. एका किकमध्ये सुरू झालं. आवाज असा, की बाजारातली कुत्रीसुद्धा आदराने बाजूला झाली. फक्त पोटाखालच्या त्या नळीतून धुरकट वाफ फुसफुसत होती आणि मधूनच तेलाचा एक थेंब टपकत होता.

"मिस्त्री, नवं इंजिन बांधलं आणि तेल टाकतंय?"

"तेल टाकून नाही राह्यलं साहेब," मिस्त्री विडी पेटवत म्हणाला, "दम घेऊन राह्यलं. पिस्टन खाली आला तं खालची हवा जाईल कुठं? तिले वाट नाही लागत का जी?"

इथे ज्यांनी आयुष्यात इंजिन उघडलेलं पाहिलेलं नाही, अशा वाचकांसाठी दोन शब्द. इंजिन म्हणजे घरातल्यासारखीच दोन खणांची व्यवस्था. वरच्या खणात पेट्रोलचा भडका उडतो आणि खालच्या खणात, ज्याला क्रँककेस म्हणतात तिथे, तेल गुपचूप आपलं काम करत असतं. दोन्हींच्या मध्ये पिस्टन, आणि पिस्टनच्या कमरेला रिंगा. वरच्या भडक्याने खाली येऊ नये आणि खालच्या तेलाने वर जाऊ नये, ही रिंगांची जबाबदारी. एकत्र कुटुंबातल्या सुनेसारखी त्यांची परिस्थिती. वरून आग, खालून तेल, आणि दिवसभर घासणं चालूच.

या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी भडक्यातला थोडासा वायू त्यांना चुकवून खाली उतरतोच. शिवाय पिस्टन खाली येताना खालच्या हवेला दाबतो ते वेगळंच. साडेतीनशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन धरा. मिनिटाला तीन हजार फेरे झाले, तर एका मिनिटात हजार लिटरच्या वर हवा खाली ढकलली जाते आणि तितकीच वर ओढली जाते. हजार लिटर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. बाहेरून शांत दिसणाऱ्या त्या लोखंडी पोटात दर मिनिटाला एक टाकी उपसली जात असते. कचेरीत खाली मान घालून बसलेल्या माणसांच्या पोटातही काही वेगळं चालत नसावं. म्हणून त्या पोटाला एक नळी देतात. तिचं नाव ब्रीदर. प्रश्न एवढाच उरतो, की या नळीचं काय करायचं?

पहिला उपाय गिळणाऱ्या पंथाचा. नळीच बंद करून टाकायची.

एटापल्लीत हा उपाय एकाने करून पाहिला होता. मिस्त्रीच्या एका गिऱ्हाइकाला ते टपकणारे थेंब बघवेनात. त्याने सागाची छान खुंटी तासली आणि नळीत ठोकून दिली. दोन दिवस गाडी अगदी सोवळी होती. तिसऱ्या दिवशी आलापल्लीच्या रस्त्यावर ऑइल सील सुटलं, पॅकिंग फाटलं आणि नळीतून महिन्याभरात जेवढं तेल गेलं नसतं तेवढं एका तासात गेलं. मिस्त्री ही कथा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगे, कीर्तनकाराने आख्यान लावावं तशी, आणि शेवटी म्हणे, "दाब काही खुंटीले भेत नाही साहेब. तो कच्ची जागा पाहाते."

दाब कच्ची जागा पाहतो. हे ऐकलं आणि मला एका कचेरीतले एक बडेबाबू आठवले. विदर्भात हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात. हे गृहस्थ तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही रागावले नव्हते. साहेब काहीही बोलले तरी "होय साहेब." सगळे त्यांना संत म्हणत. मात्र साहेबांनी सकाळी झापलं, की दुपारी बडेबाबूंच्या टेबलावरून अर्ज भराभर परत जाऊ लागत. कधी तिकीट तिरपं, कधी तारीख खाडाखोड केलेली. एकदा गट्ट्याच्या बाजूने पायी आलेल्या एका म्हाताऱ्याचा अर्ज 'अंगठ्याचा ठसा अस्पष्ट' असा शेरा मारून परत आला. म्हातारा "हो जी" म्हणाला आणि जायला निघाला. अंगठा चांगला ठळक होता. पॅड कोरडं होतं. मी पॅडवर शाई ओतून ठसा पुन्हा घेतला आणि अर्ज पुढे सरकवला, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा, की सकाळी साहेबांनी आरडाओरडा केला तो टायपिंगच्या चुकीवरून, आणि त्याचा भुर्दंड पडणार होता त्या म्हाताऱ्याला. बडेबाबूंनी वरची नळी घट्ट बंद केली होती. आणि त्या कचेरीतली सगळ्यांत कच्ची जागा म्हणजे खिडकीबाहेर उभा असलेला, लिहितावाचता न येणारा माणूस.

तेव्हा खुंटी बाद. आता मोकळे होणाऱ्यांचा पंथ.

नळी उघडी ठेवली, की पोटाला आराम पडतो यात शंका नाही. माझ्या गाडीची नळी मिस्त्रीने मागच्या बाजूला सोडली होती. सगळेच सोडतात. त्या दिवाळीत आमची मंडळी पुण्याहून आली. तिला बाजार दाखवला, जंगल दाखवलं, नदी दाखवली. संध्याकाळी कुंपणावर साडी वाळत घालताना ती म्हणाली, "अहो, या गाडीचं तेल मागे बसणाऱ्याच्याच अंगावर का उडतं? चालवणाऱ्याच्या अंगावर बघावं तर एक थेंब नाही."

प्रश्न मोटरसायकलविषयी होता. पण काही प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत फार लांब जातात. मोकळं व्हायचं म्हणून जगात जी जी नळी उघडली जाते तिचं दुसरं टोक कुठे असतं, हे एकदा बघायला हवं. साहेबावरचा राग साहेबाच्या अंगावर उडत नाही. तो संध्याकाळी घरी येतो आणि चहात साखर कमी आहे असं म्हणतो. सासूवरचा राग पोराच्या पाठीत बसतो. पोराचा राग मांजरीच्या शेपटीवर जातो. मांजरीने कुणाकडे जायचं, हे अजून कुठल्याच मानसशास्त्राने सांगितलेलं नाही. थोडक्यात, जे माणूस आपल्यावर विसंबून, आपल्या कमरेला धरून मागे बसलेलं असतं, नेमकं त्याच्याच कपड्यांवर आपलं तेल उडतं. पुढच्याला आपण स्वच्छ दिसतो. बाहेर ज्यांची 'फार शांत गृहस्थ' अशी ख्याती असते, त्यांच्या घरच्यांच्या चेहऱ्याकडे मी अलीकडे जरा निरखून बघतो.

यात आणखी एक धोका आहे. तेल साडीवर उडालं तर साडी जाते. मागच्या चाकावर उडालं तर वळणावर गाडी जाते. आणि तेव्हा मागे बसणारा एकटा पडत नाही.

कुणी म्हणेल, पण मोकळं झाल्याने राग कमी तर होतो? तेही तितकंसं खरं नाही. २००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा मनात आणून मुष्टियुद्धाच्या पोत्यावर गुद्दे मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं गप्प बसवून ठेवलं. गुद्दे मारणारे जास्त चिडलेले निघाले. गप्प बसणारे त्यांच्यापेक्षा थंड झाले होते. आपल्या पूर्वजांनी यातला मध्यम मार्ग काढला होता. त्यांनी शिमग्याला बोंब मारायची मुभा दिली. पण वर्षातून एकदा, सर्वांनी मिळून आणि मोकळ्या मैदानावर. रोज सकाळी नऊ वाजता स्वयंपाकघराच्या दारात शिमगा करावा, असं कुठल्याही पंचांगात लिहिलेलं नाही.

तिसरा उपाय डब्याचा. नळीचं टोक एका डब्यात सोडायचं. वाफ डब्यात शिरते, थंड होते, तेल तळाशी बसतं आणि हलकी हवा वरच्या भोकातून निघून जाते. साडीनंतर मिस्त्रीने माझ्या गाडीलाही एक टॉनिकचा रिकामा डबा तारेने बांधून दिला. गाडी कुठे उभी केली की लोक विचारत, "साहेब, गाडीले औषध चालू हाये का?"

माणसांतही हे डबे असतात. रोजनिशी हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि बिनतक्रार डबा. काहींचा देव हा डबा असतो. आणि पुष्कळांचा एखादा मित्र असतो. प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच, की ज्याच्याकडे जाऊन सगळं गाव मोकळं होतं. तो "हं, हं" म्हणत ऐकतो आणि लोक हलके होऊन घरी जातात. पण डब्याचा एक नियम आहे. तो वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो. नाहीतर तो भरतो, आणि मग जे सांडतं ते सगळ्यांचं एकदम सांडतं. आपण ज्याच्यात ओततो त्या डब्याला "तुझं काय चाललंय?" असं आपण शेवटचं कधी विचारलं, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

आणि आता चौथा उपाय. मला विचाराल तर यांत खरं तत्त्वज्ञान आहे.

लॉस एंजेलिस शहरात १९४०च्या दशकात हवा अशी काही बिघडली, की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ हागन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास शोधून काढलं, की मोटारींतून आणि तेलाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडून हे धुकं तयार होतं. त्यात मोटारींच्या या पोटातल्या वाफेचाही वाटा होता. तेव्हा १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या मोटारींत नळीचं टोक रस्त्यावर सोडायचं बंद झालं. ते परत इंजिनातच सोडायचं. जी हवा इंजिन श्वासाबरोबर आत ओढतं, तिच्यातच ही वाफ मिसळायची आणि वरच्या खणात पुन्हा जाळायची. म्हणजे ना कोंडणं, ना सांडणं. आपली वाफ आपणच जाळायची आणि तिच्यावर चार पावलं पुढे जायचं.

कॅलिफोर्नियाचं कौतुक आहेच. पण ही विद्या आपल्याकडच्या बायकांना फार जुनी होती. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासरचा जाच, नवऱ्याचा अबोला, माहेरची आठवण हे सगळं ओवीत घाली आणि त्या जोरावर पायली-दोन पायली दळून उठे. दुःखाचा दाब खुंट्याला लागे आणि पीठ पडे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी हिंडून अशा ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. एक लाख ओव्या! त्यामागे केवढा दाब असेल आणि त्यातून किती पीठ पडलं असेल! अर्थात जातं ओढणारीच्या दुःखावर आपली पोळी भाजली गेली हे विसरून नुसतं ओव्यांचं कौतुक करणं, हेही काही खरं नाही. त्या मुद्द्याकडे येतोच.

या चौथ्या उपायाला एक पथ्य आहे. वाफेबरोबर तेलही सरळ वर गेलं तर प्लग काळा होतो, इंजिन अडखळतं, निळा धूर मारतं. म्हणून वाफ परत पाठवण्याआधी तिला वाटेत जरा थांबवतात. एखाद्या कप्प्यात ती निवते, जड तेल तिथेच गळून खाली उतरतं आणि हलकी वाफ तेवढी वर जाते. सेनेकाचं थांबणं ते हेच. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र रात्रभर उशाखाली ठेवावं. सकाळी त्यातले शिव्यांचे शब्द तळाशी बसलेले असतात आणि वर एखादं कामाचं वाक्य तरंगत असतं. ते पाठवावं.

इथे सोवळी मंडळी विचारतील, की मुळात ही वाफ होऊच नये असं इंजिन नाही का बांधता येणार? रिंगा अगदी गच्च बसवल्या तर? मीही मिस्त्रीला हे विचारलं होतं. त्याने एक नवी रिंग हातात दिली. रिंग पूर्ण गोल नसते. तिला एक फट असते. सिलिंडरमध्ये बसल्यावर ती फट साधारण पाव मिलिमीटर उरते, आणि ती मोजून ठेवावी लागते. कारण इंजिन तापलं की रिंग वाढते. फटच ठेवली नाही, तर तिची दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि रिंग सिलिंडरला खरवडते, नाहीतर जागीच जाम होते. तेव्हा थोडी वाफ निसटणार, हे इंजिन बांधणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं. ज्या माणसात पाव मिलिमीटरसुद्धा फट नाही, त्याच्यापासून मी थोडा लांब बसतो. तो तापला की जाम होणार.

त्याहून नवल पुढेच आहे. नव्या रिंगा सिलिंडरला घट्ट बसतात त्या कशाने? त्यांच्या स्वतःच्या ताणाने थोड्या, पण मुख्यतः त्या भडक्याच्याच दाबाने. वरचा वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला भिंतीवर रेटतो. म्हणून इंजिन बांधल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी पिळायची नाही हे जितकं खरं, तितकंच तिला अगदी फुलासारखी जपायची नाही हेही खरं. जिला चढ कधी दाखवलाच नाही, तिच्या सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन बसते, रिंगा धड बसत नाहीत आणि ती जन्मभर वाफ सोडत राहते. मिस्त्री म्हणे, "हळूहळू चालवा साहेब, पण घाट दाखवा तिले." पोरांना कसं वाढवावं यावर पुष्कळ पुस्तकं निघाली आहेत. मला हे एक वाक्य पुरलं.

आता तो मघाचा मुद्दा. 'आपली वाफ आपण जाळा' हा उपदेश फार सोयीचा आहे, आणि तो मुख्यतः ॲक्सिलेटर ज्याच्या हातात असतो त्याच्या सोयीचा. दोघांच्या गाडीवर चौघं बसवायचे, वर गव्हाचं पोतं ठेवायचं, पहिल्या गिअरमध्ये घाट चढवायचा, आणि इंजिन वाफ सोडू लागलं की त्याला संयमावर व्याख्यान द्यायचं! तिथे नळीचा प्रश्नच नसतो. तिथे पोतं उतरवायचं असतं. कोरड्या पॅडमुळे माघारी निघालेल्या त्या म्हाताऱ्याला कुणी 'राग गिळा' म्हटलं असतं तर ते तत्त्वज्ञान झालं नसतं, तो चावटपणा झाला असता. त्याच्या बाबतीत करण्यासारखं एकच होतं: पॅडमध्ये शाई घालणं.

पण पोतं उतरवायलासुद्धा वाफ लागते, आणि ती नुसती फुसफुसून चालत नाही. याचं उदाहरण त्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. आपल्याच जंगलात आपलीच अडवणूक, याचा राग त्यांनाही होता. त्यांनी तो कोंडला नाही आणि उधळलाही नाही. अभ्यासगट काढले. कायदा वाचला. गावाचे निर्णय बहुमताने न घेता सर्वांचं एकमत होईपर्यंत बसायचं असं ठरवलं. एकमत होईपर्यंत बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी एखाद्या हौसिंग सोसायटीची सभा पाहिली आहे त्यांनाच कळेल. पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ साली त्यांच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला. वाफ निवली, तेल खाली बसलं आणि उरलेल्या दाबाने गाडी घाट चढली. त्या रागाचा एक थेंबही मागे बसलेल्यावर उडाला नाही.

म्हणून मला वाटतं, राग कोंडावा की सोडावा हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. दोन्ही पंथांची माणसं नळीच्या आपल्याकडच्या टोकाबद्दल बोलतात: पोट फुगलंय की हलकं झालंय एवढंच. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्या टोकाशी. तिथे कोण बसलं आहे? त्याने तिकीट काढताना हे तेल मागितलं होतं का? आणि जो दाब आपण त्याच्यावर सोडतो आहोत, त्यातून दोन पायल्या पीठ पडलं असतं की नाही?

आता रस्त्यावरच्या नव्या मोटरसायकलींना ती लोंबणारी नळी दिसत नाही. ती आतल्या आत हवेच्या डब्याला जोडलेली असते, आणि त्यामागे कायदा आहे. माणसांसाठी असा कायदा निघण्याची चिन्हं नाहीत. निघाला तरी तपासणीला येणारा इन्स्पेक्टर घरी बायकोशी कसा बोलतो, हा प्रश्न उरेलच. तेव्हा ज्याने त्याने आपली तपासणी आपणच करून घ्यावी हे बरं. त्यात अडचण एवढीच आहे, की चालवणाऱ्याला नळीचं दुसरं टोक बसल्या जागेवरून दिसत नाही. आरशातसुद्धा दिसत नाही. पण त्यावर उपाय सोपा आहे. मागे बसलेल्याला विचारावं. त्याला ठाऊक असतं. फक्त विचारताना गाडी थांबवून, खाली उतरून, त्याच्याकडे तोंड करून विचारावं. आणि उत्तर ऐकून पुन्हा नळी सोडू नये.